तुमचा एखादा नट ढिला तर नाही ना?

ट्रिपला निघताना प्लेलिस्टपासून पॉवर बँकपर्यंत सगळं चेक होतं, चाकाचे नट सोडून! तुळजापूर-लातूर-नांदेड-माहूर या रस्त्यावर शिकलेला पाच मिनिटांचा फंडा...

रामायण नेमकं कशामुळे घडलं, सांगा बघू? मंथरेनं कान भरले म्हणून? शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून? कीर्तनकार बुवांना विचारा, ते तुम्हाला आणखी मागे नेतील. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निखळली. चाक निसटणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या कैकेयीनं तिथं स्वतःचा हात घातला आणि रथ सावरला. राजा खूश झाला, त्यानं दोन वर देऊन टाकले. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या महाकाव्याच्या मुळाशी काय, तर चाकाची एक खीळ!

आता रथ गेले, बैलगाड्याही गेल्यातच जमा आहेत. खिळीच्या जागी प्रत्येक चाकाला चार, पाच किंवा सहा नट आले. पण काम तेच. चाक गाडीला धरून ठेवायचं. आणि आपलं दुर्लक्षही तेच. ट्रिपला निघताना आपण काय काय बघतो! हॉटेलचे रिव्ह्यूज, हवामान, फास्टॅगचा बॅलन्स, ग्रुपमधल्या कोणाला काय खायला चालत नाही. फार तर टायरमधली हवा. पण 'चाकाचे नट बघितलेस का रे?' असं विचारणारा मित्र तुम्हाला कधी भेटलाय? मला नव्हता भेटला. भेटले ते एक ट्रक ड्रायव्हर मामा, अहमदपूरच्या चहाच्या टपरीवर.

घर चाकांवर, चाक नटांवर

झालं असं, की आमच्या ग्रुपमधल्या एका लातूरकर मित्रानं डोक्यात घेतलं, आई-बाबांना साडेतीन पीठांपैकी दोन पीठं एका दमात करवायची. पुण्याहून तुळजापूर, तिथून लातूर, नांदेड आणि शेवटी माहूरची रेणुकामाता. तेही साध्या गाडीनं नाही, तर कॅम्परनं. म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या धर्तीवरची मोठी व्हॅन, आत दोन बेड, छोटं किचन, फ्रीज, पाण्याची टाकी. काकूंचं मत एकच, 'अगं, हे तर आपलं स्वयंपाकघरच निघालं गावाला!' मला या नव्या प्रकारावर लिहायचंच होतं, म्हणून मीही बॅग भरली.

नवा प्रकार म्हणायचा, कारण परदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही हौस आपल्याकडे आत्ता कुठे बाळसं धरतेय. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर भाड्यानं मिळणाऱ्या कॅम्परची चर्चा कोकण-महाबळेश्वरच्या पलीकडे जायला लागली. मराठवाडा तर या प्रकाराला झकास. खरोशाची लेणी, औशाचा किल्ला, सदाशिवरावभाऊंनी १७६० साली निजामाला जिथं धूळ चारली ते उदगीर, कंधारचा जुना भुईकोट, नांदेडचा सचखंड गुरुद्वारा. सगळं एकमेकांपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर, आणि मध्ये राष्ट्रीय महामार्ग ३६१. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत तो नांदेडला येतो आणि पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जातो. रस्ता रुंद झाल्यापासून गाडीचा काटा कधी ऐंशीच्या पुढे सरकतो, कळतही नाही.

लातूरच्या मुक्कामानंतर सकाळी निघायच्या वेळी बघतो, तर मागचं डावं चाक बसलेलं. खिळा घुसला होता. जवळच्याच पंक्चरच्या दुकानातल्या मुलानं दहा मिनिटांत स्टेपनी चढवली, हवेवर चालणारी गन लावून घर्रर्र करत सहाच्या सहा नट आवळले. टायर नांदेडला नीट करून घेऊ, असं ठरलं. स्टेपनी एकदम चकाचक होती. गाडीच्या मालकानं रिमला नुकताच काळा कुळकुळीत रंग मारला होता. आम्हाला वाटलं, वा, काय मेन्टेन केलीय गाडी!

"पाना लावून बघितला का?"

साठेक किलोमीटरवर अहमदपूरला चहासाठी थांबलो. शेजारच्या ट्रकचे मामा हातात लोखंडी टॉमी घेऊन आपल्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. प्रत्येक नटावर टॉमीनं टण्‌ टण्‌ वाजवत. मला वाटलं, पूजा-बिजा असेल. मी विचारलंच.

"आवाज ऐकायलोय ताई," मामा म्हणाले. "घट्ट नट टणक वाजतो. ढिला असला की बद्द वाजतो. मडक्यावानी." मग त्यांची नजर आमच्या कॅम्परकडे गेली. "कुठून आलाव? स्टेपनी टाकलेली दिसती मागं. पाना लावून बघितला का?"

आमच्या ड्रायव्हरदादानं सांगितलं, की सकाळीच टाकलीय, मशीननं आवळलीय.

"मशीननं आवळली ते सकाळी. साठ किलोमीटर झाले की आता!"

मामांनी स्वतः पाना लावला. चार नट जागचे हलले नाहीत. दोन मात्र सहज पाव वळसा फिरले. सहज म्हणजे, हँडलवर त्यांनी फारसा जोरही लावला नव्हता. नट निघाले नव्हते, चाक डगमगत नव्हतं, गाडीत कसला आवाजही नव्हता. पुढे नांदेडपर्यंत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होते, आणि नेमक्या त्याच चाकाच्या वर, मागच्या बेडवर, मित्राची तीन वर्षांची भाची गाढ झोपलेली होती.

मामांनी समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळले आणि बजावलं, "सावकाश जावा. लोह्याला एकदा बघा, नांदेडात परत बघा." चहाचे पैसे आम्ही द्यायला गेलो, तर ते आधीच देऊन मोकळे झाले होते.

मग नट ढिले झालेच कसे?

पहिला संशय अर्थातच पंक्चरवाल्या मुलावर. पण नांदेडला टायरच्या दुकानातल्या चाचांनी चाक उतरवलं आणि दाखवलं, की गडबड त्या चकाचक रंगात होती. रिम जिथं हबला टेकते, तिथंही मालकानं रंगाचे जाड थर चढवले होते. नट आवळले तेव्हा ते रंगावर घट्ट बसले. गाडी पळाली, रिम तापली, दाबानं रंग चेपला. चेपलेल्या रंगाएवढी फट पडली आणि नटाची पकड गेली. फट किती? केसाच्या जाडीएवढी पुरते.

हे समजायला थोडं सायन्स लागतं. घाबरू नका, दहावीपर्यंतचंच आहे. आपल्याला वाटतं, की चाक बोल्टवर लटकलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, एखाद्या दमदार स्प्रिंगसारखा. तो ताण रिमला हबवर दाबून धरतो, आणि त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणाचा ताण सगळं पेलतं. ताण कमी झाला की चाक हबवर अगदी सूक्ष्मपणे सरकायला लागतं. मग दर फेऱ्याला बोल्ट थोडा वाकतो, थोडा सरळ होतो. तार तोडायची असली की आपण ती हातानं मागेपुढे वाकवत राहतो ना? तस्संच.

आता फेऱ्यांचा हिशेब करा. अशा गाडीच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटरच्या आसपास असतो. लातूर ते नांदेड अंतर सुमारे १४० किलोमीटर. म्हणजे एका बाजूच्या प्रवासातच चाक जवळपास सत्तर हजार वेळा फिरतं. पोटातलं पाणी हलू नये म्हणून ज्या रस्त्याचं आपण कौतुक करतो, त्या रस्त्यावर बोल्ट सत्तर हजार वेळा वाकायला मिळू शकतो!

रंग हे एक कारण. गंज, वाळलेला चिखल, रिम आणि हबच्या मध्ये अडकलेला खडा, यांचाही परिणाम तोच. मागे जोडचाकं असतील तर टेकणारे पृष्ठभाग आणखी वाढतात, म्हणजे घाण बसायलाही जागा जास्त. कॅम्परचं आणखी वेगळं दुखणं आहे. शंभर लिटर पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वजन चढलं. वर बेड, फ्रीज, गॅस, सामान. हे सगळं वजन कायम गाडीत, आणि गाडी मात्र दोन ट्रिपांच्या मध्ये आठवडेच्या आठवडे एका जागी उभी.

पण यातून चांगली गोष्ट काय कळते? चाक बसवल्यावर नट थोडे 'बसणं' ही नैसर्गिक गोष्ट आहे. स्वच्छ, नव्या रिमलाही ते होतं. म्हणूनच चाक काढून बसवलं, की पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत, असं जाणकार सांगतात. मामांनी लातूरच्या मुलाला एका शब्दानंही दोष दिला नव्हता. त्यांच्या लेखी आवळणं हे अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं साठ किलोमीटरनंतर करायचं असतं, आणि ते दुकानदार करू शकत नाही, कारण तेव्हा गाडी तुमच्याकडे असते.

तुरीच्या डाळीचं पोतं

ठीक आहे, मग कचकचून आवळून टाकू की! हा आपला दुसरा आवडता उपाय. पंक्चरच्या दुकानात पान्यावर उभं राहून उड्या मारणारे वीर आपण सगळ्यांनी पाहिलेत. इथं जरा थांबा.

नट किती आवळायचा, याचं माप असतं. त्याला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. छोट्या-मध्यम कारसाठी हा आकडा बहुधा ८५ ते १३० च्या दरम्यान असतो, मोठ्या व्हॅनसाठी त्याहून जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. तीच, जी ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलेली नाही.

१०० न्यूटन मीटर म्हणजे किती? लातूरच्या भाषेत सांगते. ४० सेंटिमीटर लांबीचा पाना आडवा धरा आणि त्याच्या टोकाला २५ किलोचं तुरीच्या डाळीचं पोतं टांगा. झाले साधारण १०० न्यूटन मीटर. आता त्याच टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला, तर? पावणेतीनशे! उडी मारली तर हिशेबच सोडा. एवढ्या जोरानं बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, आटे खराब होतात, अलॉयच्या रिमला तडाही जाऊ शकतो. आणि रात्री अकरा वाजता पंक्चर झालं, की तोच नट तुमच्याकडून सुटत नाही, हे वेगळंच.

अजून एक गंमत. नटावर आपण जो जोर लावतो, त्यातला ढोबळमानानं दहावा हिस्साच बोल्ट ताणायला कामी येतो. बाकीचा सगळा घर्षणात जातो, काही आट्यांमध्ये, काही नटाच्या बुडाखाली. म्हणून आटे गंजलेले असतील तर पाना घट्ट लागतो, पण पकड मात्र कमी असते. उलट कोणी प्रेमानं आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावलं, तर त्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे. नो तेलपाणी!

नांदेडच्या चाचांकडे टॉर्क रेंच होता. लांब हँडलचा पाना. त्यावर आकडा सेट करायचा, सावकाश दाब द्यायचा, आणि ठरलेला टॉर्क आला की तो 'क्लिक' करतो. चाचांनी रिमवरचा रंग तारेच्या ब्रशनं घासून काढला, दुरुस्त केलेला टायर चढवला आणि पाना माझ्या हातात दिला. "लो बेटा, तुम कसो. ताकद नही लगती, सबर लगता है." खरंच नाही लागली हो ताकद! जिममध्ये न जाणाऱ्या मला सहाही नट जमले. सहा क्लिक ऐकताना जे वाटलं, ते एखादं अवघड प्रेझेंटेशन संपल्यावर वाटतं तसं होतं. मुलींनो, 'हे पुरुषांचं काम' वगैरे अजिबात ऐकून घेऊ नका.

साधा, चांगला टॉर्क रेंच दोन-तीन हजारांपासून मिळतो. चौघांच्या मल्टिप्लेक्सच्या एका संध्याकाळीएवढा खर्च. एकच काळजी घ्यायची. त्यानं नट सोडवायचे नाहीत, ते काम साध्या पान्याचं. आणि वापरून झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं.

शूमाकरच्या गल्लीतही हीच रड

तुम्हाला वाटेल, हे सगळं पंक्चरच्या टपऱ्यांवरचं दुखणं. चला, जरा फॉर्म्युला वनच्या पिटमध्ये डोकावू. तिथं एका चाकाला एकच नट असतो आणि तो बदलणारी माणसं जगातली सगळ्यात तरबेज. २०१८ साली मेलबर्नच्या शर्यतीत हास टीमच्या दोन्ही गाड्या चौथ्या आणि पाचव्या नंबरवर पळत होत्या. दोघींचा पिट स्टॉप झाला, दोघींचं एकेक चाक नीट बसलं नाही, आणि काही मिनिटांच्या अंतरानं दोन्ही गाड्या बाहेर! उलटं टोक बघायचंय? २०२१ ची मोनॅको शर्यत. वाल्टेरी बोटासच्या मर्सिडीजच्या पुढच्या चाकाचा नट बदलताना गन तिरकी लागली, नटाच्या कडा झिजून गेल्या आणि चाक निघेचना. शर्यत तिथंच संपली. ते चाक निघालं ते गाडी इंग्लंडच्या फॅक्टरीत गेल्यावर, ४३ तासांनी.

सरकारांनाही हा विषय गंभीर वाटतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ट्रकची निसटलेली चाकं दुसऱ्या गाड्यांवर आदळून माणसं गेली. त्यानंतर १९९७ साली तिथं कायदा झाला. व्यावसायिक वाहनाचं चाक निखळलं तर कारण काहीही असो, मालक दोषी, आणि दंड ५० हजार डॉलरपर्यंत. ब्रिटनमध्ये २००६ साली झालेल्या अभ्यासाचा अंदाज होता, की अवजड वाहनांची चाकं निखळण्याच्या दरवर्षी १५० ते ४०० घटना तिथं घडतात. युरोपातल्या ट्रक-बसच्या नटांवर म्हणूनच प्लास्टिकचे छोटे पिवळे बाण बसवलेले दिसतात. दोन शेजारच्या नटांचे बाण एकमेकांकडे तोंड करून. एखादा नट फिरला की त्याचा बाण भलतीकडे बघायला लागतो. कंडक्टरलाही लांबून कळावं!

आपल्याला त्यासाठी बाणही लागत नाहीत. नट आवळून झाल्यावर नट आणि रिमवर मिळून पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढायची. चहाला थांबलात की नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. आमच्या कॅम्परच्या चाकांवर आता सव्वीस जानेवारीच्या रांगोळीसारख्या पांढऱ्या रेघा आहेत. फक्त एवढं लक्षात ठेवा, की नट न फिरताही पकड कमी होऊ शकते, तशी आमच्या रंगानं केली. म्हणून रेघ आणि टॉमीचा टण्‌ टण्‌ आवाज या पहिल्या पायऱ्या. पाना लावून बघण्याला पर्याय नाही.

पाच मिनिटांचा फंडा

- कधी तपासायचं? लांबच्या ट्रिपला निघण्याआधी, आणि चाक निघालं असेल तेव्हा. पंक्चर, नवे टायर, बॅलन्सिंग, चाकांची अदलाबदल, ब्रेक पॅड, या सगळ्यांत चाक निघतं. त्यानंतर ५० ते १०० किलोमीटरवर पुन्हा एकदा.

- गाडी सपाट, कडक जागी उभी करा. हँडब्रेक लावा, चाकं जमिनीवर असू द्या. चाकं तापलेली असतील तर थंड होऊ द्या. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सावली शोधा, चाकासाठी आणि स्वतःसाठीही.

- पुस्तिकेतला आकडा टॉर्क रेंचवर सेट करा. नट न हलता क्लिक झालं तर ठीक. हलला तर क्लिक होईपर्यंत आवळा, आणि तो कुठला होता ते लक्षात ठेवा. एका क्लिकवर थांबा. 'अजून एक, देवाचं नाव घेऊन' असं नाही करायचं.

- क्रम गोल फिरत जाण्याचा नाही. पाच नट असतील तर चांदणी काढतो तसा, चार किंवा सहा असतील तर समोरासमोर. नाहीतर चाक तिरकं बसतं.

- चाक बसवून घेताना दुकानात उभे राहा, मोबाईल खिशात ठेवा. रिम आणि हबची टेकणारी जागा ब्रशनं साफ करायला सांगा. नटाचे पहिले दोन-तीन आटे हातानं फिरले पाहिजेत. थेट गन लावली तर आटे तिरके बसू शकतात. गाडी जॅकवर असताना नट बेतानं आवळा, शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर, तेही हातानं.

- नट रिमला साजेसाच हवा. काही नटांचं बूड निमुळतं असतं, काहींचं गोलसर, काहींचं सपाट. अलॉय काढून लोखंडी स्टेपनी चढवताय? तेच नट चालतात का, हे पुस्तिकेत बघून घ्या.

- रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर काळ्या मातीवर जॅक लावू नका. ती माती जॅक गिळते. खाली जाड फळी ठेवा. गाडीखाली हात-पाय घालू नका.

- तोच नट पुन्हा पुन्हा ढिला होत असेल तर तो आवळत बसण्यात अर्थ नाही. बोल्ट ताणला गेलाय, आटे गेलेत किंवा रिमचं भोक मोठं झालंय. मेकॅनिक गाठा.

'आमच्या गाडीला तर स्टेपनीच नाही!' असं काही जण म्हणतील. बरोबर आहे. टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि रिपेअर किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही, असा बदल केंद्र सरकारनं २०२० साली नियमांत केला. पण सर्व्हिसिंगला चाक निघतंच. आणि ती यंत्रणा हवा कमी झाल्याचं सांगते, नट ढिला झाल्याचं नाही. बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर असा एकही दिवा नाही, जो नटासाठी लागेल.

गाडी स्वतः मात्र थोडं बोलते. हळू वेगात चाकातून येणारी लयबद्ध खट्‌ खट्‌, स्टिअरिंगला अचानक सुरू झालेली थरथर, नटाच्या बुडापासून निघालेले गंजाचे तांबूस ओघळ, नटाभोवती घासून चकाकणारं कडं. यातलं काही चालत्या गाडीत जाणवलं तर जोरात ब्रेक मारू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, पार्किंग लाइट लावा, हळूहळू डावीकडे घ्या आणि थांबा. 'पुढच्या गावात बघू' म्हणायची ही वेळ नाही.

आणि हो, चालकासह गाडी भाड्यानं घेतली असली तरी विचारायला लाजू नका. 'स्टेपनी शेवटची कधी काढली होती?', 'चाकं कधी उतरवली होती?', 'टॉर्क किती?' हे तीन प्रश्न विचारा. पहिल्या दोनांची उत्तरं पटकन मिळाली तरी चांगली खूण समजा. तिसऱ्याचं मिळालं, तर तो मालक सोडू नका!

नांदेडहून आम्ही माहूरला गेलो. गड चढायच्या आधी ड्रायव्हरदादा स्वतःहून पाना घेऊन खाली उतरला. एकही नट हलला नाही. काका म्हणाले, "आता आईचं दर्शन निवांत होईल." खिडकीतून त्यांची नात ओरडत होती, "मामा, अजून एकदा टिक् कर ना!"